‘सायबरपंक २०७७’ या व्हिडिओ गेमचे खलनायक खरंच पोकळ आहेत?

खडकमाळ: काल इथे कुणीतरी लिहिलं, '२०७७ चे खलनायक म्हणजे नुसती पत्र्याची डबडी, एकालाही धड हेतू नाही.' राहवलं नाही म्हणून लिहितोय. आरासाका या बलाढ्य कंपनीच्या मालकाचा, साबुरोचा मुलगा योरिनोबू, त्याचं काय? कोनपेकी प्लाझा हॉटेलात आपलं पात्र, भाडोत्री व्ही, आणि साथीदार जॅकी लपून बघत असतात, तेव्हा तो बापाचा गळा आवळतो आणि लगेच विषप्रयोगाची आवई उठवतो. तिथे तो सत्तेला हपापलेला पोरगा वाटतो. पण तरुणपणी घर सोडून स्टील ड्रॅगन्स टोळी काढणारा हाच, आणि आरासाका आतून पोखरायला परत आलेलाही हाच. म्हणून तर रेलिक, म्हणजे माणसाचं मन साठवणारी चिप, नेटवॉच या नेटवर पहारा ठेवणाऱ्या संस्थेला विकायला निघतो. १९१९ साली जन्मलेला साबुरो १५८ व्या वर्षीही खुर्ची सोडत नाही, वर एनग्राम (मनाची डिजिटल प्रत) होऊन अमर व्हायचं बघतो. पोराला याहून मोठं कारण काय हवं?

मेगाबिल्डिंग_१०: कारण आहे हो, पण ते खेळणाऱ्यापर्यंत पोहोचतं कुठे? अर्धं शार्ड्समध्ये, म्हणजे खेळात सापडणाऱ्या वाचायच्या चिप्समध्ये पडलंय. योरिनोबूच्या बहिणीची, हानाकोची बाजू घेतली नाही तर शेवटी योरिनोबू समोरही येत नाही. पानाम किंवा रोग (Rogue) या साथीदारांबरोबर मिकोशीत, म्हणजे आरासाकाच्या एनग्रामच्या कोठारात गेलात की वाटेत आरासाकाचा यंत्रमानव बनलेला मारेकरी स्मॅशर, बास. जो भेटतच नाही त्याला चांगला खलनायक कसं म्हणायचं?

खडकमाळ: भाडोत्री माणसाला मालकांच्या घरातलं भांडण कोण समजावणार? हानाकोची बाजू घेतल्यावरच्या ‘डेव्हिल’ शेवटात साबुरो त्याच पोराचं शरीर बळकावून परत येतो. ते पाहिल्यावर सुरुवातीच्या खुनाचा अर्थच पालटतो.

रिपरडॉक: स्मॅशरला डबडं म्हणणाऱ्यांनी खेळाच्या २.० अपडेटनंतर खेळून बघा. आता त्याच्याकडे सँडेविस्तान, म्हणजे प्रचंड वेग देणारं इम्प्लांट आहे. लांबून नेम धरत बसलात तर पापणी लवायच्या आत अंगावर येतो. बाकी दोघांनीही हॅकर सोंगबर्डचं नाव घेतलं नाही, ते का? ‘फँटम लिबर्टी’ या विस्तारातली खरी खलनायिका तीच. डॉगटाउन वस्तीचा म्होरक्या हॅन्सन याच्याशी संधान बांधून राष्ट्राध्यक्ष मायर्सचं विमान तिथे तिनेच पाडलं. न्यूरल मॅट्रिक्स, म्हणजे इलाजाचं यंत्र, दोघांना पुरेल असं व्हीला सांगत राहिली आणि एकालाच पुरतं हे अंतराळतळावर, इलाजासाठी चंद्रावर निघायच्या दाराशी पोचल्यावर कबूल केलं.

मेगाबिल्डिंग_१०: खलनायिका?? मायर्सने तिला ब्लॅकवॉल, म्हणजे धोकादायक एआयना अडवणारी नेटमधली भिंत, तिच्यापलीकडे पुन्हा पुन्हा ढकललं, पलीकडच्या एआयने तिचं शरीर आणि मन पोखरलं. तिला एफआयए या सरकारी गुप्तचर संस्थेत आणलं तिथल्या हेर रीडने. एका मुलीला हत्यार करून वापरणारे सुटले आणि जीव वाचवायला खोटं बोलली म्हणून ती दोषी? हे ऐकून डोकं फिरतं.

रिपरडॉक: डोकं फिरवून घेऊ नका, खेळ नीट बघा. डोक्यातल्या रेलिक चिपमुळे मरायला टेकलेल्या व्हीला तिने आमिष दाखवलं. मायर्स निदान शब्द पाळते: सोंगबर्डला जिवंत ताब्यात दिलं तर व्हीवर उपचार होतात.

मेगाबिल्डिंग_१०: काय उपचार! दोन वर्षं कोमा, आणि जागं झाल्यावर लढाईचं एकही इम्प्लांट चालत नाही. चिपमधून व्हीच्या डोक्यात राहणारा जॉनी गेला, ओळखीचे लोक आपापल्या वाटेला लागले. याला शब्द पाळणं म्हणत असाल तर धन्य आहात.

खडकमाळ: धागा योरिनोबूवर होता, मंडळी.

रिपरडॉक: होता. बरं, मायर्स तिच्याहून वाईट, एवढं मानतो. पण सोंगबर्डच्या खोटेपणाची किंमत व्हीने मोजली, हे तुम्ही अजून एकदाही म्हटलं नाहीत.

मेगाबिल्डिंग_१०: खोटं बोलली, हे म्हणतो. तरीही तिला चंद्रावर पाठवण्याचाच पर्याय घेईन. आणि खडकमाळ, तुमचा योरिनोबू हानाकोच्या वाटेने गेल्याशिवाय भेटत नाही, हे मत बदललेलं नाही.