प्रतिसाद: वृद्धाश्रमाला परवाना कोणाचा?

‘वृद्धाश्रमांवर कोणताच कायदा लागू होत नाही’ हे विधान निरोगी वृद्धांच्या निवासापुरते बरेचसे खरे आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 19 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांसाठी शासकीय आश्रमाची तरतूद आहे, खासगी संस्थांच्या नोंदणीची नाही. तशी तरतूद असलेले 2019 चे दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडले गेले, पण मंजूर झाले नाही. मात्र अंथरुणाला खिळलेल्यांच्या केंद्रांची गोष्ट मला वेगळी वाटते, कारण महाराष्ट्रात लागू असलेल्या 1949 च्या शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नोंदणी कायद्याच्या व्याख्येत आजार आणि दुखापतीबरोबरच शारीरिक दुर्बलता असलेल्यांवर उपचार व शुश्रूषा करणारी जागाही येते.

सासूबाईंना नाकातून नळीने अन्न द्यावे लागत असे, तेव्हा आम्ही पाहिलेल्या एका केंद्राने नोंदणी म्हणून धर्मादाय आयुक्तांकडील न्यासाचे (ट्रस्टचे) प्रमाणपत्र पुढे केले. त्यावरून संस्था अस्तित्वात आहे एवढेच कळते. रात्रपाळीला प्रशिक्षित परिचारिका असते की नाही, हे कळत नाही. (आम्ही विचारले, नव्हती.) म्हणून नळी, कॅथेटर किंवा शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) असलेल्या रुग्णासाठी जागा पाहताना शुश्रूषागृह नोंदणीचे प्रमाणपत्रच मागावे आणि त्यावरील खाटांची संख्या प्रत्यक्ष मोजून पाहावी.