चहा स्वस्त झाला होता, तरी बॉस्टनवाल्यांनी तो समुद्रात का फेकला?

चहाटळ
लेकीला शाळेत अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धावर प्रोजेक्ट आलाय, नेहमीप्रमाणे वाचत मी बसलोय आणि एका ठिकाणी गाडी अडकलीय. माझी आत्तापर्यंतची समजूत अशी की इंग्रजांनी चहावर जबर कर लावला, चहा महागला, लोक खवळले आणि पेट्या समुद्रात फेकल्या, विषय संपला. पण आता वाचतोय तर १७७३ च्या कायद्याने चहा उलट स्वस्तच झाला होता! कर तोच जुना, पौंडामागे ३ पेन्स, आणि भाव खाली. मग एवढा राडा कशासाठी? आणि बाकीच्या लोकांना हे पटलं होतं का, की मूठभरांनी धिंगाणा घातला आणि उरलेले खिडकीतून बघत बसले? जाणकारांनी प्लीज सांगा. विकीची लिंक नको, ती वाचूनच हा गोंधळ झालाय.

बखरबाज
गोंधळ रास्त आहे, कारण भाव हा मुद्दाच नव्हता. जरा मागे जावं लागेल. सात वर्षांचं युद्ध १७६३ ला संपलं, ब्रिटन जिंकलं पण कर्जात गळ्यापर्यंत बुडालं, वर अमेरिकेत फौज ठेवायची होती, तर तिचा थोडा खर्च तिथल्या लोकांनी उचलावा असं लंडनला वाटलं. ऐकायला वावगं काहीच नाही. त्यातून १७६५ चा स्टॅम्प अ‍ॅक्ट आला. कोर्टाचे कागद, वर्तमानपत्रं, पंचांगं, दारूच्या दुकानाचं लायसन, सगळ्यावर सरकारी शिक्का पाहिजे. पत्त्यांच्या कॅटवर १ शिलिंग आणि फाशांच्या जोडीवर चक्क १० शिलिंग! आता हा कर नेमका कुणाच्या अंगावर आला बघा. वकील, छापखानेवाले आणि गुत्त्यात पत्ते कुटणारे. म्हणजे ज्यांना लिहिता-बोलता येतं ते आणि ज्यांना रस्त्यावर उतरता येतं ते, दोघांच्याही शेपटीवर एकदम पाय. असला कर शोधून काढायला खास अक्कल लागते.

अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींमधल्या लोकांचं म्हणणं साधं होतं, पार्लमेंटात आमचा एकही माणूस नाही तर आमच्या खिशात हात घालायचा हक्क तुम्हाला कुणी दिला. लंडनचं उत्तर, अहो मँचेस्टर-बर्मिंगहॅमचा तरी कुठे स्वतःचा खासदार आहे, ते भरतात की, प्रत्येक खासदार सगळ्या साम्राज्याचाच असतो. (हे मँचेस्टरवाल्यांनाही पटायला नको होतं, पण ते असो.)

दंगे झाले, इंग्लंडच्या मालावर बहिष्कार पडला, लंडनच्याच व्यापाऱ्यांचा धंदा बसला आणि त्यांनीच कायदा मागे घ्या म्हणून अर्ज केले. १७६६ मध्ये घेतलाही मागे, पण त्याच दिवशी दुसरा कायदा करून ठेवला की वसाहतींवर वाट्टेल तो कायदा करायचा अधिकार आम्हाला आहेच. खरी मेख ही. पुढच्याच वर्षी काच, शिसं, रंग, कागद आणि चहावर जकात लावली, परत बोंबाबोंब, मग १७७० मध्ये चहा सोडून सगळ्यांवरची काढली. चहावरची मुद्दाम ठेवली, हक्क शाबूत आहे हे दाखवायला. तेव्हा स्वस्त चहा घेतला की ३ पेन्स भरले, आणि भरले की हक्क कबूल केला. उंदराच्या पिंजऱ्यातला खोबऱ्याचा तुकडा फुकटच असतो ना, तसं.

कोपऱ्यातला
+१. फक्त स्वस्त कुणामुळे झाला ते राहिलं. आपलीच ती ईस्ट इंडिया कंपनी! बंगालमध्ये १७७० च्या दुष्काळात माणसं किड्यामुंगीसारखी मेली, तिकडे १७७२ मध्ये कंपनी डबघाईला आली आणि सरकारच्या दारात कर्ज मागायला उभी, आणि गोदामांत सुमारे १ कोटी ७० लाख पौंड वजनाचा चहा पडून. तो खपवायला सरकारने १७७३ च्या त्या कायद्याने परवानगी दिली की मधले व्यापारी वगळून थेट अमेरिकेत न्या आणि तुम्ही नेमाल त्या एजंटांकडूनच विका. बॉस्टनमधल्या एजंटांत मॅसॅच्युसेट्सचा (बॉस्टन ज्या वसाहतीत ती) गव्हर्नर हचिन्सन याचे दोन चिरंजीव, हा योगायोग नक्कीच नाही. तिथले व्यापारी तोपर्यंत चोरट्या डच चहावर मजेत होते, त्यांचं दुकान बंद होणार होतं.

अवांतर: बुडालेला चहा भारतातला होता असं बऱ्याच जणांना वाटतं. तो चीनचा होता. आसामचा चहा बाजारात यायला अजून साठेक वर्षं होती.

चहाटळ
म्हणजे हे स्मगलर लोकांचं आंदोलन म्हणायचं का मग? 😄 पोरीच्या चार्टवर हे लिहिलं तर बाई मलाच शाळेत बोलावतील.

बखरबाज
अर्धवट बरोबर. स्मगलरांचा पैसा आणि पोटदुखी होतीच, पण १६ डिसेंबर १७७३ ला बॉस्टनच्या ओल्ड साउथ मीटिंग हाउसमध्ये (एक चर्च) ५ हजारांच्या आसपास लोक जमले होते, ते सगळे स्मगलर कसे असतील? जहाज आल्यापासून २० दिवसांत जकात भरली नाही तर कस्टम्सवाले माल जप्त करून उतरवणार होते आणि 'डार्टमथ' जहाजाची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. लोकांचं म्हणणं चहा तसाच परत पाठवा. जहाजमालकाला गव्हर्नरकडे पिटाळलं, तो संध्याकाळी नकार घेऊन परत आला, आणि थोड्याच वेळात मोहॉक या तिथल्या मूळ जमातीच्या लोकांसारखे वेष केलेली, तोंडाला काजळी फासलेली मंडळी धक्क्याकडे निघाली. ३ जहाजं, ३४२ पेट्या, तीनेक तासांत काम तमाम.

मला आवडणारा भाग पुढचा. एक कुलूप फुटलं ते नंतर नवीन आणून दिलं. एकाने कोटाच्या अस्तरात चहा कोंबला तर आपल्याच लोकांनी त्याला धरून बदडला. ओहोटी होती, त्यामुळे चहा बुडेना, नुसते ढीग, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लोक होड्या घेऊन गेले आणि तरंगणारा चहा वल्ह्यांनी झोडपून झोडपून भिजवला, न जाणो कुणी गोळा करून वाळवला तर!

सूतकताई
तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला कुणीच हात घातला नाही म्हणून लिहितेय. नाही, सगळ्यांना पटलं नव्हतं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला जॉन अ‍ॅडम्स दुसऱ्या दिवशी डायरीत खूष, पण वॉशिंग्टनला माल नासवणं पसंत नव्हतं आणि फ्रँकलिनचं मत होतं की कंपनीला भरपाई देऊन टाका.

आणि ही मंडळी कुलूप बदलून देणारी सज्जन तेवढी होती असंही नाही हं. १७६५ मध्ये याच हचिन्सनचं घर जमावाने पार धुऊन नेलं होतं. चहा बुडवल्यावर साधारण सव्वा महिन्याने जॉन माल्कम नावाच्या कस्टम्सवाल्याची रस्त्यात एका पोराशी वादावादी झाली, ह्यूज नावाचा चांभार मध्ये पडला (तो चहा फेकणाऱ्यांतलाच), माल्कमने त्याच्या डोक्यात काठी घातली. ह्यूज बिचारा रीतसर वॉरंट काढायला गेला, तेवढ्यात जमावाने माल्कमला घरातून ओढून अंगावर गरम डांबर ओतलं, पिसं चिकटवली, जानेवारीच्या थंडीत गाडीवरून मिरवला. असं बघितल्यावर शेजारचा माणूस 'मला कर मान्य आहे' म्हणेल का? तेव्हा पाठिंबा किती आणि भीती किती हे वेगळं काढणं अवघड.

बायकांचंही लिहा चार्टवर. चहा आणि इंग्लिश कापड सोडायचं म्हणजे घरातल्या बाईनेच सोडायचं ना, सूत कातायला तीच बसणार, रास्पबेरीच्या पाल्याचा काढा तीच उकळणार. १७७४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या ईडन्टन गावच्या ५१ जणींनी बहिष्काराच्या कागदावर चक्क सह्या केल्या, तर लंडनमध्ये त्यांची टिंगल करणारं व्यंगचित्र निघालं.

जे नाराज होते त्यांनाही एकत्र आणलं ते लंडनच्या शिक्षेनेच. १ जून १७७४ पासून बॉस्टन बंदर बंद, चहाची भरपाई होईपर्यंत. मग मदत म्हणून कनेक्टिकटहून मेंढ्या आल्या, साउथ कॅरोलायनातून तांदूळ आला आणि सप्टेंबरात १२ वसाहतींचे लोक पुढचं काय ते ठरवायला फिलाडेल्फियात जमले.

चहाटळ
जबरदस्त, सगळ्यांचे आभार. वल्ह्यांनी चहा झोडपतानाचं चित्र काढायला घेतलंय तिने. तिचा एकच प्रश्न राहिलाय, मग त्या चहाचे पैसे शेवटी दिले का?

कोपऱ्यातला
९,६५९ पौंडांचा हिशेब कंपनीने लावला होता. एक छदामही दिला नाही.