विषय: नाताळात सावंतवाडीत दहा दिवस – काय बघावं?

नमस्कार मंडळी,

यंदा नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन सावंतवाडीला सासरी जातोय. समुद्र आणि मासे दरवेळी होतात, पण तिथलं नाटक, चित्रकला यातलं मुलांनी काहीच पाहिलेलं नाही. कार्यक्रमांचं वेळापत्रक कुठे मिळतं? तिकिटं इथूनच काढून ठेवावीत म्हणते.

– मंडळाची माजी खजिनदार

---

वहिनी,

तिकिटांचं सोडा. दशावतार म्हणजे जत्रेत रात्रभर चालणारं पौराणिक लोकनाट्य; त्याला तिकीट नसतं आणि वेळापत्रक देवळाचं. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास गावोगावच्या जत्रा सुरू होतात. सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा तुम्ही पोचेपर्यंत होऊन गेलेली असेल. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख तर देवीचा कौल झाल्याशिवाय ठरतच नाही. तरी डिसेंबरअखेर आसपास कुठे ना कुठे नाटक असतंच. रिक्षावाल्याला विचारा, "आज जत्रा खंय?" तो गाव सांगेल, आणि दशावतारी मंडळांत मोचेमाडकर बरे की पार्सेकर, यावर न विचारता स्वतःचं मतही देईल.

मी एकदा मानकऱ्यांना विचारलं, नाटक किती वाजता? "पालखी फिरली काय सुरू." पालखी फिरायला साडेबारा वाजले.

पण लवकरच जा, आणि परवानगी घेऊन रंगपटात डोकावा. खरी मजा तिथे. छोट्याशा आरशात बघून प्रत्येक नट आपला रंग आपणच लावतो. स्त्रीपात्रंही पुरुषच करतात. विडी विझवून नऊवारीचा काष्टा घालणारा गडी तासाभरात असा रडतो की पुढे बसलेल्या बायका पदर डोळ्यांना लावतात. लिहिलेली संहिता नाही. कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, आणि संवाद ज्याचे त्याने उभ्या उभ्या रचायचे. नेपथ्य म्हणजे मागे पडदा आणि पुढे एक बाकडं: तेच सिंहासन, तोच डोंगर. साथीला पायपेटी, पखवाज, झांज. हल्ली फलकावर 'ट्रिकसीनयुक्त' असं लिहितात. धूर, दिवे, राक्षसाचं मुंडकं उडतं वगैरे. मला नाही रुचत, पण तुमच्या मुलांना तेच आवडेल, काय करणार.

दिवसा राजवाड्यात जा. तिथे गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवतात. त्यात दशावतारी गंजिफा मागून बघा: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी 12 पानं, एकूण 120. रात्री जत्रेला जायच्या आधी मुलांना ही पानं दाखवलीत तर बरं. लाकडी खेळण्यांसाठी चितारआळी आहेच.

एक दिवस कुडाळजवळच्या पिंगुळीला ठेवा. ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गाऊन गोष्ट सांगायची कला), कळसूत्री आणि चामड्याच्या सावल्यांच्या बाहुल्या तिथे बघायला मिळतात. परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. त्यांनी घरच्या गोठ्यातच संग्रहालय उभं केलंय. आधी फोन करून जा, म्हणजे खेळ बघायला मिळेल. नुसती भिंतीवरची चित्रं बघून परत येऊ नका. चित्रकथी ऐकायची असते.

– अण्णा

---

अण्णा,

खूप आभार. पण रात्रभर? धाकट्याला मराठीच जेमतेम कळतं, त्यात ते पौराणिक मराठी! यांचं म्हणणं, शहरात सभागृहात दोन तासांचा प्रयोग असेल तर तो बघू.

---

वहिनी,

सभागृहात बघितलात तर काष्टा घालणारा गडी दिसायचा नाही. आणि भाषेचं काय घेऊन बसलात, युद्धाचा पखवाज सुरू झाला की धाकटा आपोआप उठून बसेल. मधे झोपला तर झोपू दे, निम्मं गाव तसंच बघतं. चटई आणि कानटोप्या न्या. तुम्ही बर्फातून येणार, हसाल, पण पहाटे माळावर चांगला गारठा असतो. दहीकाल्याला मात्र त्याला उठवा. हंडी फुटल्याशिवाय जत्रा संपत नाही.

परतताना आल्याचं खाजं घ्या, पण सकाळी. रात्री घेतलंत तर नाटक संपेस्तोवर उरत नाही.

आणि येताना मंडळाच्या दिवाळी अंकाची एक प्रत आणाल का? माझी गेल्या वर्षीची पोस्टातच गहाळ झाली.

– अण्णा