मदत हवी आहे: १६६५ सालच्या पुस्तकाची बाइंडिंग

मंडळी, मी चेटूक, भूतविद्या यावरची जुनी इंग्रजी पुस्तकं जमवतो. सध्या लंडनच्या एका विक्रेत्याकडे रेजिनाल्ड स्कॉटचं 'डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट' आहे, पहिलं पान गायब म्हणून जरा स्वस्तात देतोय. मूळ पुस्तक १५८४ चं, चेटकीण ठरवून गरीब म्हाताऱ्या बायकांना फासावर चढवायचे त्याविरुद्ध त्या काळात उघड लिहिलेलं, म्हणून माझा फार जीव आहे त्यावर. १६५१ आणि १६६५ ला परत छापलं. फोटो मागवून पंधरावा भाग बघितला तर सुरुवातीला मंत्रतंत्राची ती जास्तीची नऊ प्रकरणं आहेत, ती १६६५ मध्येच घातली, म्हणजे प्रत तीच असणार.

आता प्रॉब्लेम असा की चामड्याचा पुठ्ठा मणक्यापासून सुटलाय, शिवण मात्र घट्ट दिसते. नवीन बाइंडिंग करून जुनं चामडं घालवायचं नाहीये मला. पुण्या-मुंबईत असं काम नीट करणारं कोणी माहितीये का? की तिकडेच दुरुस्त करून मागवू? आणि इथल्या पावसाळ्यात चामड्याला बुरशी येऊ नये म्हणून तुम्ही काय करता? शंभर वर्षांवरच्या पुस्तकाला कस्टम्स किती लागतं तेही कोणी मागवलं असेल तर सांगा प्लीज, विक्रेत्याला लवकर कळवायचंय.