पुढचं काहीच दिसत नसताना विश्वासात वाढायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

संडेस्कूल_टीचर

सगळ्यांना सलाम. इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहायला बसले.

नवऱ्याच्या तपासण्या चालू आहेत. एक रिपोर्ट आला की डॉक्टर पुढची तपासणी लिहून देतात, आणि "वाट बघू" याच्या पलीकडे कोणी काही बोलत नाही. माझी नोकरी कंत्राटी. कंत्राट वाढणार का विचारलं की साहेब "कळवतो" म्हणतात. कधी कधी वाटतं, वाईट बातमी आली असती तर निदान रडून मोकळी झाले असते. इथे बातमीच येत नाही.

त्यात मी संडेस्कूलमध्ये शिकवते. गेल्या रविवारी तांबड्या समुद्राचा धडा होता, मिसरातून निघालेले इस्राएली लोक समुद्रापाशी अडकतात तो. एका पोराने विचारलं, "टीचर, समुद्र दुभंगणार हे त्यांना आधी माहीत होतं?" नाही म्हटलं. "मग घाबरले नाहीत?" घाबरले होते की! निर्गम 14 मध्ये सरळ लिहिलंय: मिसरात कबरी नव्हत्या म्हणून इथे मरायला आणलंस का, असं मोशेला सुनावलं त्यांनी. वर्ग खो खो हसला. मला काही हसू आलं नाही.

प्रार्थनेच्या गटात मन मोकळं केलं, तर एका बहिणीने याकोबाचं पत्र 1:6 काढलं. संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा, आपल्याला प्रभूपासून काही मिळेल असं त्याने समजू नये. बोलली ती प्रेमानेच. पण तेव्हापासून प्रार्थनेला बसले की आधी माझीच उलटतपासणी सुरू होते: आत्ता मागितलं ते पूर्ण विश्वासाने मागितलं का? या नादात मागायचंच राहून जातं.

"सगळं चांगलंच होईल" अशी खात्री वाटणं म्हणजेच विश्वास का? आणि ती खात्री नसेल तर मी मुलांना शिकवणं थांबवावं का?

एक विनंती, यिर्मया 29:11 (तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, असं देव म्हणतो ते वचन) पाठवू नका. ते रोज सकाळी फोनवर येतं, फुलांच्या फोटोसकट.

शेवटचा_बाक

ताई, सलाम. नको म्हणालात म्हणून मुद्दाम यिर्मयापासूनच सुरुवात करतो. रागावू नका. ते वचन एकटंच तोडून पाठवतात, ही पाठवणाऱ्यांची चूक.

आधी 28वा अध्याय उघडा. बाबेलच्या राजाने यरुशलेमेतले लोक आणि मंदिरातली पात्रं उचलून नेली आहेत. हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात, याजकांच्या आणि सगळ्या लोकांच्या देखत सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येणार. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं लाकडी जू काढून मोडूनही दाखवतो. यिर्मया त्यावर आधी काय म्हणतो? आमेन, परमेश्वर तसंच करो. त्यालाही तेच हवं होतं की. पण तसं होणार नव्हतं, आणि 29व्या अध्यायात बंदिवानांना पत्र जातं त्यात सत्तर वर्षं लिहिलेली आहेत. घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या नगरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. तुमचं ते अकरावं वचन याच पत्रातलं. ते पत्र ज्यांनी ऐकलं त्यांच्यातले कितीतरी जण परतीचा दिवस बघणार नव्हते, हे उघड आहे.

म्हणजे त्या मंदिरात "सगळं लवकरच चांगलं होईल" असं छातीठोक सांगणारा हनन्या होता, आणि तोच खोटा ठरला. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच.

आता याकोब. त्या बहिणीला म्हणावं, पत्र पुढेही वाचा. 4:13-15 मध्ये हाच याकोब, आज-उद्या अमक्या नगरात जाऊ, वर्षभर राहू, व्यापार करून नफा मिळवू, असं ठरवून बोलणाऱ्यांना चांगलं फैलावर घेतो. उद्या काय होईल हे तुम्हाला ठाऊक नाही, म्हणतो. मग त्याच माणसाने पहिल्या अध्यायात तुमच्याकडून नवऱ्याच्या रिपोर्टची आगाऊ खात्री कशी मागितली असेल? तिथे तो शहाणपण मागण्याबद्दल बोलतोय, आणि देव दोष न लावता देतो हे 1:5 मध्ये, लाटेच्या आधीच, सांगून टाकतो. एक पाय देवाकडे आणि एक पाय भलतीकडे ठेवणाऱ्याला ती लाट लागू आहे. तुम्ही तर रोज त्याच्याच दारात बसलेल्या.

राहिली प्रार्थना. माझ्या मुलीच्या आजारपणात मी स्तोत्र 13 वहीत उतरवून घेतलं. सुरुवातीच्या दोन वचनांत "किती वेळ" असा प्रश्न चारदा येतो. प्रत्येक प्रश्नाखाली एक ओळ कोरी सोडायची आणि त्या दिवशीचं जे असेल ते तिथे लिहायचं. "सोडियम परत खाली." "मोठे डॉक्टर रजेवर." एकदा नुसतंच "कंटाळा आला." पाचव्या वचनात स्तोत्रकर्ता वळतो, तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे म्हणतो. ते वचन कित्येकदा माझ्याच्याने लिहवलं नाही, तर तिथवर थांबून वही मिटायचो. स्तोत्र 88 तर शेवटपर्यंत वळतच नाही, अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

मुलगी बरी झाली का, हे मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की लोक त्यावरून स्तोत्राला गुण द्यायला बसतात.

रात्रपाळी

मी नर्स आहे. शास्त्रातलं शेवटचा_बाक भाऊंनी सांगितलंच आहे, मी माझ्या कामातलं सांगते.

पेशंटच्या आधी त्याच्या उशाशी बसणारं माणूस कोलमडतं, हे मी कायम बघते. ताई, तुम्ही पोस्ट टाकलीत तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. 1 राजे 19 वाचा. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला बघून आलेला एलीया संदेष्टा, एका धमकीने पळत सुटतो आणि झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला विश्वासावर एक अक्षर ऐकवत नाही. ऊठ, खा. तो खातो, परत झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खा, वाट तुला झेपणार नाही. देवाची मंद वाणीबिणी सगळं नंतर. दोनदा जेवण आणि झोप झाल्यावर. त्यामुळे रात्री दीड वाजताच्या उलटतपासणीचा निकाल मनावर घेऊ नका. त्या वेळी माझाही विश्वास चाचणीत नापासच होईल.

दुसरं, डॉक्टर "वाट बघू" म्हणाले की तिथेच, उठायच्या आत विचारायचं: कशाची वाट? कोणत्या रिपोर्टनंतर निर्णय होईल? मधे काय झालं तर न थांबता आणायचं? कागदावर लिहून न्या, समोर बसल्यावर आठवत नाही. थोडी अनिश्चितता खरी असते, थोडी नुसती न विचारल्यामुळे असते. न विचारलेली देवावर कशाला टाकायची?

विरोधी_सूर

वरचं बरंचसं मान्य. पण एक खटकतं म्हणून लिहितो. हल्ली शंका असणं हीच जणू आध्यात्मिक खोली, असं बोलायची पद्धत पडली आहे. मला ते पटत नाही. शंका त्रासच देते, तिला हार कशाला घालायचा?

शंका घेऊन माणूस जातो कुठे, हे मात्र बघण्यासारखं आहे. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात पडल्यावर थेट येशूलाच निरोप धाडतो: जो यायचा तो तूच का, की दुसऱ्याची वाट बघू? (मत्तय 11). ज्याने यर्देनेत बाप्तिस्मा दिला त्याचा हा प्रश्न! येशू त्याला रागावत नाही. निरोपे गेल्यावर लोकांसमोर त्याची थोरवीच गातो. तुरुंगाचं दार मात्र उघडलं नाही, हेही विसरू नये. थोमाचंही तसंच. येशू मेलेल्यांतून उठला हे पटत नव्हतं तरी आठ दिवसांनी तो बाकीच्या शिष्यांबरोबर त्याच घरात होता. निघून गेला असता तर येशूची भेट चुकली असती.

म्हणून संडेस्कूल सोडू नका. सोळाव्या शतकात लोयोलाच्या इग्नाशियसने आध्यात्मिक साधनेचे नियम लिहून ठेवले, त्यात हा एक आहे की मन कोरडं पडलेलं असताना, आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलायचा नाही. सोडायचंच असेल तर बरं वाटत असताना ठरवा. आणि पंडिता रमाबाईंचं बघा. बाप्तिस्मा 1883 मध्ये. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, हे कळायला त्यानंतर आठ वर्षं गेली, असं त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवलंय. विधवांसाठी त्यांनी काढलेलं शारदा सदन निघालं 1889 मध्ये, म्हणजे त्या आठ वर्षांच्या आतच. आधी सगळं लख्ख होऊ दे, मग कामाला लागते, असं त्या म्हणत बसल्या नाहीत.

थकव्याने मुलांपुढे उभंच राहवत नसेल तर गोष्ट वेगळी. मग महिनाभर दुसऱ्या कोणाला तरी वर्ग घ्यायला सांगा. ती रजा असेल, राजीनामा नव्हे.

संडेस्कूल_टीचर

सगळ्यांचे आभार. रात्रपाळी ताई, दीड वाजल्याचं बरोबर पकडलंत. डॉक्टरांसाठीचे प्रश्न कागदावर लिहिले, आणि नवऱ्याने स्वतःचा एक घातला, जो मला सुचलाच नव्हता: मी गाडी चालवू का?

स्तोत्र 13 सुरू केलंय. पहिल्या कोऱ्या ओळीत "कळवतो" एवढंच लिहिलं. त्या बहिणीशी याकोबाच्या चौथ्या अध्यायाबद्दल बोलायचंय, पण भांडण न होता कसं, ते अजून ठरत नाही.

रविवारी पुढचा धडा सोडून एलीया घ्यावा म्हणते. फक्त एक अडचण. माझ्या वर्गात सात-आठ वर्षांची मुलं आहेत. एलीया मरण मागतो, हे त्यांना कसं सांगू? गाळू का?

शेवटचा_बाक

बहिणीशी आधी हनन्याबद्दल बोला, याकोब आपोआप निघेल.

रात्रपाळी

गाळू नका, पण एवढ्या लहान मुलांना "आता पुरे झालं, देवा" इतकंच सांगा. तेही त्याच वचनात आहे, म्हणजे पदरचं काही घातलं असं होत नाही. देव रागावला का, हे ती विचारणारच. नाही म्हणा, जेवायला दिलं आणि झोपू दिलं. मोठ्या मुलांचा वर्ग असेल तेव्हा पूर्ण वचन वाचा. वर्ग सुटल्यावर थोडा वेळ तिथेच आवराआवर करत राहा. एखादं मूल मागे रेंगाळलं तर घाईने बाहेर काढू नका, आणि ते जे बोलेल ते गंभीर वाटलं तर त्याच दिवशी त्याच्या आईवडिलांशी बोला.