गार्डचं लायसन्स गार्डच्या नावावर का नको?

मानपाडा_डी_विंग (धागाकर्ता)
गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत, घोडबंदर रोडला, रात्री पावणेतीनला मीटर रूममधून धूर यायला लागला. ड्युटीवरचा गार्ड पळत गेला, भिंतीवरचं फायरचं सिलेंडर काढलं आणि हँडल घट्ट आवळून पिन ओढत बसला. हँडल दाबलेलं असेल तर पिन अडकते, निघत नाही. पोरगं घामाघूम झालं होतं, ओढतंय ओढतंय. मी खाली पोचलो, म्हटलं अरे आधी हात सैल सोड, सोडला तशी पिन बोटात आली आणि आग विझली. तोवर दुसरा गार्ड बादलीभर पाणी घेऊन जिन्यात आला होता, विजेच्या आगीवर टाकायला. त्याला तिथंच थांबवलं म्हणून बरं, नाहीतर सकाळी काय बघायला लागलं असतं देव जाणे.

दोघांचाही दोष नाही हे आधीच सांगतो, दोघं पळाले नाहीत, आगीकडे गेले. पण दुसऱ्या दिवशी विचारलं की ट्रेनिंग कुठं झालं, तर म्हणे एका ऑफिसात दीड तास बसवलं, सलाम कसा मारायचा ते दाखवलं, फोटो काढला, सही घेतली. एजन्सीने आम्हाला दिलेल्या कागदावर मात्र २० दिवस.

आपल्याकडे २००५ चा खासगी सुरक्षा एजन्सीचा कायदा आहे, ज्याला इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून (PSARA) सगळे पसारा म्हणतात. लायसन्स मिळतं ते एजन्सीला, ५ वर्षांचं. गार्डला लायसन्स नसतंच. त्याचं पोलीस व्हेरिफिकेशन व्हायला लागतं, वय १८ ते ६५ मधे लागतं, आणि केंद्राच्या मॉडेल नियमांत १०० तास वर्गात आणि ६० तास फील्डवर असं ट्रेनिंग लिहिलंय, कमीत कमी २० कामाच्या दिवसांत. आग विझवणं, प्रथमोपचार, गर्दी सांभाळणं, ओळखपत्र तपासणं, एफआयआर कशी नोंदवतात, स्वसंरक्षणाचा हक्क कुठवर, सगळं आहे त्यात. कागदावर इतकं चांगलं आहे की वाचून वाईट वाटतं.

माझं म्हणणं एवढंच, लायसन्स गार्डच्या नावावर द्या. परीक्षा सरकारने घ्यावी, कार्ड त्याच्या खिशात. रिक्षावाल्याला बॅज लागतो तसा. मग दीड तासाचं ट्रेनिंग खपणार नाही. पटतंय का?

कोपरखैरणे_नाईट
नाही पटत. मी ९ वर्ष गार्ड आहे, महापे आणि तुर्भेच्या कंपन्यांच्या गेटवर. साहेब तुमची तळमळ कळतेय पण हे सगळं आमच्याच खिशातून जाणार. परीक्षेची फी, फॉर्म भरणाऱ्या एजंटची फी, दर काही वर्षांनी रिन्यूअल, आणि २० दिवस बिनपगारी बसायचं. घरभाडं त्या २० दिवसांत थांबतं का? आत्ताच बघा, १२ तासांची ड्युटी, रिलीव्हर, म्हणजे बदलीचा गार्ड, आला नाही तर २४. शू, बेल्ट, टोपी, युनिफॉर्म सगळं पगारातून कापतात. मागच्या दोन्ही एजन्सीने ट्रेनिंग चार्जेस म्हणून पहिल्या पगारातून कापले, आणि ट्रेनिंग दोन्हीकडे झालंच नाही. आता लायसन्स आलं की आणखी एक खिडकी उघडेल पैसे घ्यायला. आणि कार्ड वेळेत रिन्यू झालं नाही तर घरी कोण बसणार, एजन्सीचा मालक का मी?

ऐरोली_खजिनदार
मूळ मुद्द्याला कुणी हात लावत नाहीये. पैसे. आमच्या सोसायटीत ६ गार्ड आहेत, मेंटेनन्सचा सगळ्यात मोठा खर्च तोच, वर १८ टक्के जीएसटी. एजीएममधे, म्हणजे वार्षिक सभेत, महिना २०० रुपये वाढवतो म्हटलं तर पाऊण तास आरडाओरडा झाला. तीन कोटेशन येतात, मेंबर सगळ्यात खालच्या आकड्यावर बोट ठेवतात. त्या आकड्यात किमान वेतन, पीएफ, ईएसआय बसतच नाही हे मी पेनाने गणित करून दाखवलं, तरी तेच पास झालं. अशा लोकांना तुम्ही १६० तास ट्रेनिंगवाला गार्ड द्याल, तो जास्त पगार मागणार, मग हे लोक एक गार्ड कमी करून कॅमेरे लावतील. माणसांचीच नोकरी जाईल लायसन्सच्या नादात.

मानपाडा_डी_विंग
खजिनदार साहेब, आमच्याकडेही तेच झालं, खालच्या आकड्यावर मीही हात वर केला होता, त्या रात्री ते आठवलं मला. पण लोकांना परवडत नाही म्हणून नियम नको, हे कसं चालेल? लिफ्टचं मेंटेनन्स आपण स्वस्तात देतो का? आणि ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने द्यावा लागतो, तो चुकवायला १२ तासांची ड्युटी हाच दिवस म्हणून दाखवतात, म्हणजे आपला स्वस्त आकडा गार्डच्या झोपेतून येतोय.

कोपरखैरणे दादा, तुमचा मुद्दा मात्र खरा आहे. फी गार्डने भरायची नाही हे मी आधीच लिहायला हवं होतं.

रिटायर्ड_हवालदार_कळवा
सैन्यातून रिटायर होऊन ११ वर्षं झाली, आता सुपरवायझर आहे. आमच्यासारख्यांना ट्रेनिंग कमी असतं, ४० तास वर्ग आणि १६ तास फील्ड, किमान ७ दिवस. मी ते खरंच केलंय आणि उपयोग झाला, कारण फौजेत बंदूक शिकलो पण सोसायटीचा पंप रूम शिकलो नव्हतो.

लायसन्स कुणाच्याही नावावर टाका, हात विसरतो. सिलेंडरची पिन एकदा ओढली आणि सहा वर्षांनी आग लागली तर काय आठवणार? आमच्या साइटवर दर सोमवारी शिफ्ट बदलताना १० मिनिटं घेतो. पंप रूममधे नेतो, जॉकी पंप (पाइपात प्रेशर धरून ठेवणारा छोटा पंप) कुठला, मेन पंप कुठला, पॅनेलचा स्विच ऑटोवर आहे का बघायला लावतो. तुम्हाला सांगतो, कितीतरी बिल्डिंगमधे तो स्विच मॅन्युअलवर नाहीतर ऑफवर असतो कारण रात्री पंप आपोआप चालू झाला की आवाज होतो म्हणून कुणी तक्रार केलेली असते. मग आग लागली की नळीत प्रेशरच नाही. सोसायटीने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, फायर सिस्टीमचं बी फॉर्म, म्हणजे सिस्टीम चालू असल्याचा दाखला, द्यायचं असतं. तो दाखला देणारा माणूस तपासायला येतो तेव्हा गार्डला बरोबर उभं करा. फुकटात ट्रेनिंग होतं.

एजन्सी_ऑपरेशन्स
शिव्या पडणार माहीत आहे तरी लिहितो. कायद्यात ट्रेनिंग देण्याची जबाबदारी एजन्सीवर आहे, मान्य. पण मुलगा २० दिवस शिकवून उभा करायचा आणि महिन्याने तो समोरच्या गेटवर ५०० रुपये जास्त मिळतात म्हणून जातो. खर्च माझा, फायदा समोरच्याचा. प्रामाणिकपणे शिकवणारी एजन्सी कोटेशनमधे हरते आणि दीड तासवाली जिंकते. आणि वैयक्तिक लायसन्स आलं की एजन्सी हात झटकून मोकळी होईल, "त्याच्याकडे सरकारी कार्ड आहे, आम्ही काय करणार". आज निदान चूक झाली तर कुणाचं लायसन्स पणाला लागतं ते ठाऊक आहे.

कोपरखैरणे_नाईट
समोरच्या गेटवर का जातो ते पण लिहा ना साहेब. ५०० साठी नाही जात माणूस, पगार २० तारखेला होतो म्हणून जातो.

घणसोली_लेडी_गार्ड
मी ट्रेनिंग पूर्ण केलंय, खरं वालं. मॉलमधे लेडीज चेकिंगला आहे. २० दिवस पहाटे घरचं आवरून जायचे, एक किलोमीटर ६ मिनिटांत पळायचं होतं, पहिल्या दिवशी ९ लागले आणि रडू आलं होतं. शेवटच्या आठवड्यात जमलं. मागच्या दिवाळीत फूड कोर्टात एका आजोबांच्या घशात घास अडकला, सगळे पाठीत थोपटत होते, मी मागून कंबरेला हात घालून पोटावर दाब दिला, तिसऱ्या वेळी घास बाहेर पडला. त्यांच्या सुनेने माझा हात किती वेळ सोडला नव्हता.

त्यामुळे ट्रेनिंग नको म्हणणाऱ्यांशी मी नाही. पण सर्टिफिकेट आधीच्या एजन्सीने ओरिजिनल ठेवून घेतलं होतं. सोडताना मागितलं तर चार चकरा मारायला लावल्या. म्हणून मला धागाकर्त्यांचं पटतं. कार्ड माझं असेल तर कुणी अडवून धरणार नाही. कोपरखैरणे दादा, तुम्ही फीचं बोलताय ते बरोबर, पण कागद मालकाच्या कपाटात असला की आपण पण त्याच्याच कपाटात असतो.

पनवेल_टू_दुबई
मी दुबईत ५ वर्ष होतो गार्ड म्हणून. तिथं सिराचं, म्हणजे तिथल्या सुरक्षेच्या सरकारी खात्याचं, कार्ड लागतं, ट्रेनिंग, परीक्षा, मग गार्डच्या नावाने कार्ड. माझा खर्च कंपनीने केला होता. कार्ड आलं की बोलायची पद्धत बदलते, लोकांची पण आणि आपली पण. इथं परत आलो तर पहिल्याच दिवशी एकांनी गाडी पुसायला फडकं दिलं. भाजीच्या पिशव्या वर पोचव, कुत्र्याला फिरव. लायसन्स असलेल्या माणसाला हे सांगायला जीभ थोडी तरी अडेल.

ऐरोली_खजिनदार
कार्डाने जीभ अडत नाही हो, मेंबर तेच राहणार. आणि एक प्रश्न कुणीच घेतला नाही. आमचा मेन गेटचा गार्ड ५८ वर्षांचा आहे. १४ वर्षं आहे, प्रत्येक मूल कुठल्या फ्लॅटचं ते त्याला पाठ, मागच्या वर्षी खोटं ओटीपी सांगून आत शिरणारा त्यानेच पकडला. तो १ किलोमीटर ६ मिनिटांत पळणार आहे का? तुमच्या परीक्षेत पहिला तोच नापास होणार.

मानपाडा_डी_विंग
याला माझ्याकडे पटकन उत्तर नाही, खरंच. पळण्याची अट आजही नियमांत आहेच, फक्त कुणी पळवत नाही. मला वाटतं आधीपासून कामावर असलेल्यांची परीक्षा कामाची घ्यावी, सिलेंडर, पंप, फोन कुणाला करायचा, घास अडकला तर काय. पळायचं नव्या मुलांना. पण तुमच्या काकांना काढून टाकणारा नियम मलाही नकोय.

फीबद्दल माझं मत आता असं, एजन्सीने भरावी, ट्रेनिंगचे दिवस पगारी, आणि ते आपल्या बिलात वेगळ्या ओळीत दिसावेत म्हणजे मेंबरांनाही कळेल आपण कशाचे पैसे देतोय. कार्ड मात्र गार्डकडेच, यावरून मी हलणार नाही. घणसोली ताईंचं वाचून तर नाहीच. आणि एजन्सीची जबाबदारी कार्डामुळे सुटते असं कुठंय, ड्रायव्हरकडे लायसन्स असतं म्हणून बसमालक सुटतो का?

कोपरखैरणे_नाईट
पगारी असेल आणि कापणार नसतील तर मी पहिला जाईन. मला पण शिकायचंय, कुणाला आवडतं आगीसमोर येड्यासारखं उभं राहायला. पण हे लेखी येईपर्यंत माझं नाहीच समजा.

हवालदार साहेब, ते पॅनेलचं परत एकदा सांगा. आमच्या पंप रूममधे तीन स्विच आहेत, दोनवर काही लिहिलेलंच नाही. आज रात्री ड्युटीला गेलो की फोटो काढून टाकतो इथं.

रिटायर्ड_हवालदार_कळवा
टाका. काहीही फिरवू नका, फक्त फोटो. पाइपवरच्या गोल मीटरचा काटा कुठं आहे तो पण घ्या. मी जागा आहे १२ पर्यंत.