कठिया (ड्युरम) गहू दळताना मोटरवर लोड येतो, पीठ तापतं: ओल द्यावी की दोनदा दळावं?

मंडळी, मदत हवी आहे. इंदूरला १६ इंची दगडी चक्की आहे, मोटर ७.५ एचपी थ्री-फेज. शरबती दळताना अँपिअर ८-९ राहतात. बाफल्यांचा (माळव्यातला बाटीसारखा पदार्थ) कठिया टाकला की दगडांमधल्या त्याच फटीवर ११ च्या वर, म्हणजे मोटरच्या फुल लोडपलीकडे. दगडांना नुकतीच टाकी मारलेली आहे (छिन्नीने खाचा पाडून घेतल्यात), पट्टा सरकत नाही.

कारण कळतं: कठियात दाणा मऊ ठेवणारी प्युरोइंडोलिन प्रथिनं नसतात, स्टार्च प्रथिनात घट्ट जखडलेला राहतो, त्यामुळे दाणा काचेसारखा कठीण. बारीक पीठ करायला वीज जास्त लागणारच. पण किती वाचवता येईल?

दाण्यातली ओल १० टक्के आहे. १२ वर न्यायला क्विंटलला सुमारे २.३ लिटर पाणी लागेल. पाणी जास्त झालं तर कोंडा चिवट होतो, दगडाच्या खाचा बुजतात, ही खरी धास्ती.

पाणी मारून किती तास मुरू द्यावं? की आधी रवाळ भरडून, चाळून, फक्त जाड भाग परत दळावा? दोन्ही करून पाहिलेल्यांनी रिकाम्या चक्कीची वीज वजा करून क्विंटलमागे युनिट सांगावेत, सोबत चाळणीचा नंबरही. पीठ किती बारीक होतं हे कळल्याशिवाय तुलना व्यर्थ आहे.